मुरायला ठेवलेली पट्टी

माझा संगणक सुरू व्हायला किती वेळ लागतो ते सांगतो. बटण दाबून मी दूध आणायला अकरा मजले खाली उतरतो. दूध आणतो, तापवतो, चहा करतो, पितो, कप विसळतो, वॉचमनशी पाण्याच्या वेळेवरून भांडतो, भांडण मिटवतो आणि परत येऊन बघतो, तर पडद्यावरचं ते गोल गोल फिरणारं चक्र नुकतंच कुठे दमायला लागलेलं असतं. आमचा अमेय बंगळुरूहून फोनवर म्हणतो, "बाबा, तेवढ्या वेळात माणूस पायी गोराईला जाऊन, समुद्रात पाय बुडवून परत येईल." मुलगा जरा अतिशयोक्ती करतो. घराण्यातच आहे ते.

इलाज सोपा आहे. संगणकाच्या पोटात मेमरीच्या पट्ट्यांसाठी दोन खाचा आहेत. एकीत पट्टी आहे, दुसरी रिकामी. आमच्या दहिसरच्या या इमारतीखालीच एक दुकान आहे, तिथला माणूस दोन मिनिटांत दुसरी पट्टी बसवून देईल. तो तीनदा विचारून गेला. मी तीनदा विषय बदलला.

गेल्या महिन्यात वसईहून एक फोन आला.

"कर्णिककाका ना? मी तेंडोलकरांचा पुतण्या. काका गेले ते कळलंच असेल तुम्हाला. त्यांचे कपडे द्यायला काढले होते, तर एका शर्टाच्या खिशात हिरवी पट्टी मिळाली. कॉम्प्युटरची दिसते. वर चिकटपट्टी लावून लिहिलंय, 'कर्णिक, चौथा मजला'. कुरियरने पाठवू का?"

"सांगतो," मी म्हटलं.

अजून सांगितलेलं नाही.

तेंडोलकर आमच्या बोरीवलीच्या जुन्या इमारतीत तळमजल्याला, जिन्याच्या बाजूच्या खोलीत राहायचे. एकटेच. उंची बेताची, चाल मांजराची आणि अंगात बारा महिने अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. माझी पक्की खात्री आहे की हा माणूस जन्माला आला तोच खिशासकट. त्या खिशात एक बुटका स्क्रूड्रायव्हर, एक पेन्सिल आणि एक खोडरबर. सुईणीने आधी त्या तीन वस्तू काढून घेतल्या असतील आणि मग बाळाला आंघोळ घातली असेल.

औषधांच्या कुठल्याशा कंपनीत यंत्रं सांभाळता सांभाळता ते संगणक शिकले. निवृत्त झाल्यावर आमच्या चोवीस बिऱ्हाडांचे संगणक त्यांनी न सांगता आपल्या अंगावर घेतले. कुणी म्हणालं, "तेंडोलकर, फार जुना झाला हो हा, नवाच घेतो," की मान वर न करता म्हणायचे, "रवांदे." म्हणजे, राहू दे. मूळचे मालवणकडचे, पण मुंबईत इतकी वर्षं काढली की गावाकडची सगळी बोली उडून गेली होती. हा शब्द आणि त्याच्या आसपासचे दोन-चार, एवढेच उरले होते. ते वापरून वापरून त्यांनी नाण्यासारखे गुळगुळीत केले होते.

लग्न का केलं नाही, असं एकदा मी विचारलं. मी असलं विचारतो. तेंडोलकरांनी उघड्या संगणकाकडे बोट दाखवलं.

"स्लॉट आहे की. पण मॉडेल जुनं, कर्णिक. ह्याच्यात बसणारी पट्टी बनायची बंद झाली."

मी एवढा हसलो की खालच्या मजल्यावरच्या हंसाबेन काठी घेऊन छत ठोकायला लागल्या. तेंडोलकर हसले नाहीत. ते खाचेतली धूळ काढत होते.

त्यांचं घरात येणं हा एक विधी होता. चपला दाराबाहेर काढायच्या, त्या नेहमी बाहेरच्या दिशेला तोंड करून. जाताना वळायला नको. मग सरळ खिडकीशी जायचं आणि दोन्ही हातांनी लोखंडी गज घट्ट धरून, डोळे मिटून उभं राहायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मालती, म्हणजे माझी बायको, घाबरून पाणी घेऊन आली. तिला वाटलं चक्कर आली.

"अंगातली वीज उतरवतोय, वहिनी," डोळे मिटूनच ते म्हणाले. "माणसाच्या अंगात वीज साठते. आपल्याला कळत नाही, पट्टीला सोसत नाही."

आमच्या इमारतीत या विजेचा फार दरारा होता. हंसाबेनकडे मेमरी बसवायची होती त्या दिवशी त्यांच्याकडे भजनाला बायका जमल्या होत्या, आणि सगळ्या सिंथेटिक साड्यांत. तेंडोलकरांनी उंबऱ्यातूनच आत पाहिलं आणि सगळ्यांना स्वयंपाकघरात पाठवलं. सोळा बायका, एक पेटी, दोन टाळ आणि स्वयंपाकघर आठ बाय सहाचं. आतून भजन चालूच राहिलं. एक बाई कणकेच्या डब्यावर बसून गात होती, असं हंसाबेन सांगतात. मी दोन सांगतो.

वीज उतरली की कव्हर उघडायचं. मेमरीची पट्टी म्हणजे दोन बोटं रुंद आणि वीतभराला थोडी कमी लांब अशी हिरवी चीज, खालच्या कडेला सोनेरी दात. ते दात तेंडोलकर खोडरबराने घासायचे, शाळेत चुकलेलं गणित खोडावं तसे, पण इतके हळू की बघणाऱ्याचे हात शिवशिवावेत. फुंकर मारलेली त्यांना खपायची नाही. "फुंकरीत थुंकी असते," म्हणायचे. धुळीसाठी त्यांच्याकडे दाढीचा जुना ब्रश होता. मग पट्टी उभी धरून, खाच खाचेला जुळवून, दोन्ही अंगठ्यांनी दाबायची.

"ऐका."

टक. टक. दोन टोकांच्या दोन कड्या मिटायच्या.

"दोन टक ऐकू यायला हवेत. एकच आला, तर पट्टी बसल्यासारखी दिसते, पण बसलेली नसते."

संगणक मग नीट जागा व्हायचा. नाहीतर पीं पीं पीं करून ओरडायचा. ती पीं पीं तेंडोलकरांना तळमजल्यावरून, पंखा चालू असताना, झोपेत, चौथ्या मजल्यावरची ऐकू यायची. हे मात्र मी वाढवून सांगत नाही. नाहीतर फोन करायच्या आत माणूस दारात उभा कसा राहील?

या पट्ट्या ते विकत फारशा आणत नसत. कुणी संगणक मोडीत काढला की भंगारवाल्याच्या आधी तेंडोलकर पोचायचे, पोटातली पट्टी काढून घ्यायचे आणि चिकटपट्टीवर पेन्सिलने घराचं नाव लिहून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवायचे. कुणाची पट्टी कुणाच्या संगणकात गेली ते त्यांना तोंडपाठ असायचं. आमच्या संगणकात बसवलेली पहिली मोठी पट्टी तिसऱ्या मजल्यावरच्या डिसोझांची होती. त्यानंतर महिनाभर मी संगणकाशी इंग्रजीत बोलायचो.

आता मुरण्याची गोष्ट.

नवी मेमरी घालायची तर आमच्याकडच्या संगणकांत दोन पट्ट्या लागायच्या. तेंडोलकर पहिल्या दिवशी एकच बसवायचे. दुसरी पंधरा दिवसांनी.

"ही आधी मुरांदे," म्हणायचे. "दोन्ही एकदम घातल्या तर मशीन बावचळतं."

चोवीस बिऱ्हाडं. त्यांत दोन प्राध्यापक, एक वकील आणि विमा कंपनीतून निवृत्त झालेला माझ्यासारखा जन्माचा संशयी माणूस. एकालाही हे खटकलं नाही. लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, मग मेमरी का मुरू नये? जिन्यात भेटलो की बायका एकमेकींना विचारायच्या, "तुमची मुरली का हो?" पंधरा दिवस झाले की तेंडोलकर यायचे, गज धरायचे, दुसरी पट्टी बसवायचे, चहा आणि त्याबरोबर काहीतरी खारं खाऊन तासभर बसायचे. बोलायचे थोडंच. घरातल्या माणसांचं बोलणं, कुकरच्या शिट्ट्या, कुणीतरी कुणाला हाक मारतंय, हे सगळं ऐकत बसायचे.

अमेय इंजिनियरिंगला गेला आणि पहिल्याच सुट्टीत त्याने आमची अब्रू काढली.

"बाबा, पट्टी मुरत नाही! मेमरी आहे ती, कैरी नाही. दोन मिनिटांत दोन्ही बसतात."

मी टपून बसलो. आमच्या संगणकाची पाळी आली. तेंडोलकर आले, गज धरला, खोडरबर चालवला, दोन टक झाले.

"झकास!" मी म्हटलं. "आणि दुसरी?"

"पंधरा दिवसांनी. मुरांदे."

असं म्हणत ते मागची वायर खोचायला टेबलाखाली वाकले. खिशातून पेन्सिल पडली. खोडरबर पडला. आणि त्यांच्या मागोमाग, दात वर करून, दुसरी पट्टी पडली.

टेबलाखालून कुणी बाहेर येईना. माझ्या जिभेवर अकरा टोमणे तयार होते, बारावा घशात होता. एवढ्यात मालती पुढे झाली. आधी तिने खिडकीच्या गजाला हात लावला, नीट दोन्ही हात लावले, आणि मग वाकून ती पट्टी उचलली.

"तेंडोलकर, ही अजून कच्ची दिसते," ती म्हणाली. "मुरली की आणा. पुढच्या रविवारच्या पुढचा रविवार ना? थालीपीठं करणार आहे मी."

तेंडोलकर बाहेर आले. पट्टी खिशात ठेवली. "येतो," म्हणाले आणि गेले.

"लबाड माणूस!" दार लागल्यावर मी म्हटलं. "अख्ख्या इमारतीला दोन-दोन खेपा!"

"लबाड कसले? दार वाजवायला कारण लागतं त्यांना," मालती म्हणाली. "तुम्हाला नाही लागत. तुम्ही कुणाच्याही घरात घुसून बसता."

हे खोटं म्हणता येत नव्हतं.

आणि कारण त्यांना खरंच लागायचं. गणपतीत मालतीने त्यांना जेवायला बोलावलं. ठरल्या वेळी आले आणि दारातच उभे राहिले.

"काय बिघडलंय?"

"काही नाही हो. जेवायला या. पानं घेतलीत."

"बिघडलं काही नाही?"

"नाही."

"मग नंतर येतो," म्हणाले, बाप्पाला बाहेरूनच हात जोडले आणि मोदक न खाता जिना उतरून गेले. बिनकामाचं कुणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही, अशी काहीतरी त्यांची स्वतःशी बोली झालेली असणार. पुढच्या वर्षी मालतीने सकाळीच कीबोर्डची वायर उपसून ठेवली. तेंडोलकर आले, वायर खोचली, हात धुतले आणि अकरा मोदक खाल्ले. खरे चार. पण मला ते अकरा वाटले.

मग दिवस बदलले. लोकांनी लॅपटॉप घेतले. ते बिघडले की दुकानात जातात, घरी कुणी येत नाही. त्यानंतर सगळं फोनवरच व्हायला लागलं. एकेक संगणक खाली उतरायला लागला. तेंडोलकर जिन्याच्या तोंडाशी उभे राहून पट्टी काढून घ्यायचे, नाव लिहायचे. डबा भरत गेला आणि दारं कमी होत गेली. वकिलांचा गेला, प्राध्यापकांचे गेले, शेवटी हंसाबेनच्या नातवाने त्यांना टॅबलेट आणून दिला. त्या दिवशी तेंडोलकर त्यांच्या दारात कितीतरी वेळ रिकामा ब्रश हातात घेऊन उभे होते, असं हंसाबेननी मला सांगितलं. सांगताना त्यांनी नेहमीप्रमाणे हातवारे केले नाहीत.

इमारतीतला शेवटचा संगणक आमचा.

त्याच वर्षी दिवाळीत अमेय नवा लॅपटॉप घेऊन आला. "बाबा, हा डबा आता द्या भंगारात."

"रवांदे," मी म्हटलं. माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे.

अडचण अशी होती की तो संगणक चालायचा उत्तम. तेंडोलकरांनी त्याची निगाच तशी ठेवली होती. दोन महिने गेले, काही बिघडेना. जिन्यात भेटले की विचारायचे, "बरा आहे?" मी म्हणायचो, "ठणठणीत." ते "बरं" म्हणून खोलीत जायचे. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मी घरी आलो, खिडकीचा गज धरला, कव्हर उघडलं आणि एक पट्टी कड्यांमधून सोडवून अर्धवट वर उचलून ठेवली. बटण दाबलं. पीं पीं पीं! चार मजले दणाणले.

तेंडोलकर दारात हजर. आत वाकून बराच वेळ बघत राहिले. धुळीत माझ्या बोटांचे ठसे उमटले होते, पोलिसांना बोलवावं असे स्वच्छ.

"उंदीर आहे का हो घरात?"

"असेल," मी म्हटलं.

"चष्मा लावणारा दिसतो. दोन्ही कड्या सोडवून मग पट्टी उचललीय."

मालतीने पदर तोंडाला लावला. तेंडोलकरांनी पट्टी काढली, दात घासले, परत बसवली. टक. टक. मग कव्हर लावता लावता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "कड्या जुन्या आहेत, कर्णिक. जोर नका लावू. सैल करायची तर हळू करत जा."

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी मी ती हळू सैल करत गेलो.

पण इमारतच रिडेव्हलपमेंटला गेली. तीन वर्षांत टॉवर होणार, तोवर ज्याने त्याने भाड्याने राहायचं. चोवीस बिऱ्हाडं चोवीस दिशांना. आम्ही दहिसरला निघालो, तेंडोलकर वसईला पुतण्याकडे. आमचा टेम्पो लागला त्या सकाळी ते वर आले. सामान हलवणारे संगणकाला चादर गुंडाळत होते.

"थांबा," तेंडोलकर म्हणाले. गज धरला. कव्हर उघडलं. एक पट्टी काढून हातात घेतली. "हलवाहलवीत पट्ट्या निसटतात. एक माझ्याकडे ठेवतो. तिकडे लागलात की कळवा, येऊन बसवून देतो."

चिकटपट्टी लावली, पेन्सिलने लिहिलं: कर्णिक, चौथा मजला.

"आता अकरावा हो तेंडोलकर," मी म्हटलं.

"रवांदे. चौथाच बरा आहे."

दहिसरला लागलो. मी कळवलं. पण गुडघा आड आला, मग पुतण्याच्या घरचं काही, मग पुन्हा गुडघा. दरम्यान अमेयला मुलगा झाला आणि मालती बंगळुरूला गेली ती सहा महिन्यांसाठी. नवी इमारत अशी की शेजारचं दार उघडतं कधी आणि मिटतं कधी ते कळत नाही. मीसुद्धा कुणाच्या घरात घुसत नाही. एकदा घुसायला गेलो, तर दाराला बसवलेल्या कॅमेऱ्यातून एक आवाज म्हणाला, "काय काम आहे?" काम काहीच नव्हतं. मी परत आलो.

आणि एका दुपारी दार वाजलं. बेल असून वाजवलं होतं, म्हणजे तेंडोलकरच. वसईहून एक बस, दोन रिक्षा. शर्ट पांढरा, अंगावर मोठा झालेला. चपला बाहेर काढल्या, तोंड बाहेरच्या दिशेला. आत आले आणि सरळ खिडकीकडे गेले.

तिथे काच. सरकणारी, ॲल्युमिनियमच्या चौकटीतली. गज नाही.

"लोखंड नाही?" त्यांनी विचारलं. मी कधी त्यांचा चेहरा इतका बावरलेला पाहिला नव्हता.

"कपाट आहे," मी म्हटलं. आतल्या खोलीत मालतीचं लोखंडी कपाट होतं. ते कपाटाला दोन्ही तळवे लावून उभे राहिले. रंगावरून वीज उतरत नाही म्हणून मग कुलपाच्या मुठीला धरलं. मी चहा टाकला. मला चहा बरा जमत नाही, पण त्यांनी दोन कप घेतले.

कव्हर उघडलं. आत होती ती एक पट्टी काढली, दात घासले, ब्रश फिरवला. दोन टक बरोबर ऐकू आले. मग त्यांनी दुसऱ्या, रिकाम्या खाचेत ब्रश फिरवला. दोन-तीनदा. मग खिसा चाचपला.

"बघा," ते म्हणाले. "विसरलो. घरीच राहिली."

मेमरीची पट्टी शर्टाच्या खिशात उभी ठेवली तर पुरती मावत नाही. वरचं टोक बोटभर बाहेर येतं. मी त्यांच्यापासून दीड हातावर बसलो होतो. खिशातून हिरवं टोक दिसत होतं, त्यावरची पिवळी पडलेली चिकटपट्टी दिसत होती. तिच्यावर उलटं लिहिलेलं माझं नाव मला वाचता येत होतं.

माझ्या जिभेवर एकही टोमणा नव्हता.

"रवांदे," मी म्हटलं. "पुढच्या वेळी आणा."

"हो. पंधरा दिवसांनी. तोवर ही मुरांदे."

संध्याकाळपर्यंत बसले. मी बोलत होतो. हंसाबेनच्या भजनाच्या गोष्टीत बायका सोळाच्या बावीस केल्या, पेट्या दोन केल्या. ते ऐकत होते. जाताना चपला घालायला त्यांना वळावं लागलं नाही.

मी खिडकीशी जाऊन काचेला नाक लावून उभा राहिलो. बऱ्याच वेळाने खाली, फाटकापाशी, पांढरा ठिपका दिसला. रिक्षा थांबली होती. ठिपका फाटकाशी थांबला. त्यांनी फाटकाचे लोखंडी गज दोन्ही हातांनी धरले आणि उभे राहिले. गुडघा दुखत असेल, असं तुम्ही म्हणाल. अकराव्या मजल्यावरून एवढं दिसत नाही, असंही म्हणाल. पण मला दिसलं. बराच वेळ गज धरून झाल्यावर त्यांनी खिशातून ती पट्टी काढली, पाहिली, परत ठेवली, आणि खिशावर हात ठेवून रिक्षात बसले.